शड्डू एकच, हात दोन

ॲनिमेशन कागदावर बरं की कॉम्प्युटरवर, हे वाद घालून कळत नाही. एका सेकंदाची एकच हालचाल दोन्हीकडं करून बघायची. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी शड्डू ठोकणारा पैलवान देतो. कोल्हापुरात तालमी पेठेपेठेला. वस्तादांना विचारून फोनवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा आणि खांदा आधी हलतो की मनगट, एवढंच बघा.

आधी कागद. सेकंदाला 24 फ्रेम; एक चित्र दोन फ्रेम ठेवलं की 12 चित्रांत काम होतं. झेरॉक्सचा ए-फोर कागद, ऑफिसातलं दोन भोकांचं पंच, आणि पट्टीवर त्या भोकांच्या मापाच्या दोन खुंट्या, म्हणजे कागद हलत नाही. वर काच, खाली एलईडी. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला, तिथं लाइटबॉक्स विकत कशाला आणायचा?

मुख्य चित्रं पहिल्यांदा: 1 उभा, 7 हात वर, 8 थाप, 12 स्थिर. मग 2 ते 6 भरा. हात वर पोचत आला की चित्रं जवळजवळ घ्या. 7 आणि 8 च्या मध्ये मात्र काहीही काढू नका. थापेचा जोर त्या रिकाम्या जागेत असतो. 9 ला मांडी दबते, 10 ला फुगते, 11 ला बसायला लागते. पोरं इथंच कंटाळा करतात, आणि मग पैलवान लाकडी दिसतो.

आता कॉम्प्युटर. ओपनटूंझ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर 2016 पासून फुकट मिळतं. धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. सांध्याची टोकं गोल करून एकमेकांवर चढवा, नाहीतर कोपर वळला की फट दिसते. फिरण्याचा बिंदू खांद्यावर. की-फ्रेम, म्हणजे तीच चार मुख्य चित्रं, फ्रेम 1, 13, 15 आणि 23 वर; एक चित्र दोन फ्रेमचं, म्हणून आकडे बदलले. मधलं कॉम्प्युटर भरतो, पण एकाच वेगानं भरलं तर हात गाडीच्या वायपरसारखा फिरतो. वेगाच्या ग्राफमध्ये 13 कडं जाताना रेघ चपटी करा, म्हणजे हात वर पोचताना मंदावतो. मांडी तरीही ढिम्म! ती तीन चित्रं मी हातानंच काढतो.

रंगाला मात्र कॉम्प्युटरच. गिऱ्हाईक ऐनवेळी ‘लंगोट निळा करा’ म्हणतं; पॅलेटमध्ये एक रंग बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. डिस्नेच्या 1990 च्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’चं रंगकाम असंच कॉम्प्युटरवर झालं, चित्रं मात्र कागदावर काढलेली.

माझी वाटणी सरळ आहे. ज्याचा आकार बदलतो ते हातानं: मांस, फेट्याचा शेमला, रंकाळ्याचं पाणी. जे नुसतं सरकतं किंवा फिरतं, टांग्याचं चाक, मागची घरं, दुकानाचं नाव, ते कॉम्प्युटरवर.