ट्रू पीक: दोन सॅम्पलच्या मधलं शिखर कसं मोजावं, कसं आवरावं

मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, शून्य डेसिबल या डिजिटल कमाल पातळीच्या वर जात नाही, मीटरचा लाल दिवा एकदाही लागत नाही, तरीही एमपी३ केल्यावर स्नेअरच्या ठोक्यांवर बारीक चरचर ऐकू येते. अशा वेळी मिक्स उघडायची घाई करू नका. आधी मीटर नेमकं काय मोजतोय ते पाहा.

डिजिटल फाइलमध्ये लहर नसते, ठरावीक अंतराने टिपलेले तिचे आकडे, म्हणजे सॅम्पल, असतात. त्यांतून लहर पुन्हा उभी राहते ती वाजवताना, आणि तिचं खरं शिखर, म्हणजेच ट्रू पीक, दोन आकड्यांच्या मधे येऊ शकतं. हे एकदा स्वतः करून बघाच. ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये १२ किलोहर्ट्झची साइन वेव्ह घ्या, फेज ४५ अंश ठेवा आणि ती शून्य डेसिबलला नॉर्मलाइझ करा, म्हणजे तिचं सर्वात उंच सॅम्पल शून्यावर आणा. एका आवर्तनात चारच सॅम्पल पडतात आणि चारही शिखर चुकवतात. साधा मीटर शून्य दाखवतो, ट्रू पीक मीटर मात्र सुमारे +३. गाण्यात फरक सहसा इतका मोठा नसतो, पण असतो.

म्हणून पहिलं काम मीटरचं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) बीएस १७७० शिफारशीप्रमाणे चालणारा ट्रू पीक मीटर घ्या. तो ४८ किलोहर्ट्झचा सिग्नल चौपट ओव्हरसॅम्पल करून, म्हणजे मधले आकडे काढून, मधली शिखरं शोधतो आणि आकडा डीबीटीपीमध्ये, म्हणजे ट्रू पीकच्या डेसिबलमध्ये, देतो. चौपटीतही अगदी वरच्या फ्रिक्वेन्सीला अर्ध्या डेसिबलहून जास्त चूक राहू शकते, त्यामुळे सीलिंग, म्हणजे शिखरांची वरची मर्यादा, शून्याला चिकटवू नका. मीटर साखळीत सगळ्यात शेवटी लावा.

मग लिमिटर, म्हणजे शिखरं सीलिंगवर अडवणारा प्रोसेसर. सॅम्पल रेट बदलायचा असेल तर तो लिमिटरच्या आधी बदला, कारण त्या बदलात शिखरं सरकतात. लिमिटरनंतर फक्त डिदर, म्हणजे बिट कमी करताना मिसळायचा अगदी हलका नॉइज. ट्रू पीक मोड चालू करा, सीलिंग -१ डीबीटीपी ठेवा. युरोपीय प्रसारणाच्या आर १२८ या आवाजपातळीच्या शिफारशीमध्येही कमाल मर्यादा हीच आहे. स्पॉटिफाय -१४ एलयूएफएसपेक्षा (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) मोठ्या मास्टरसाठी -२ सुचवतं.

आता इनपुट हळूहळू वाढवा आणि बायपासशी, म्हणजे लिमिटर न लावलेल्या आवाजाशी, तुलना करा, पण दोन्हींची पातळी सारखी करूनच. नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. कधी कधी ट्रू पीक मोडमध्ये ठोक्याची धार बोथट होते. तसं झालं तर मी मोड बंद करून सीलिंग खाली आणेन, मीटर -१ दाखवेपर्यंत. धार गमावण्यापेक्षा अर्धा डेसिबल गमावलेला परवडतो.

सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी पुढची. एमपी३ किंवा एएसी करताना कोडेक, म्हणजे फाइल लहान करणारी प्रणाली, आवाजातले काही घटक टाकून देतो. त्यामुळे लहरीचा आकार बदलतो आणि आवरलेली शिखरं पुन्हा वर येतात. बिटरेट कमी असेल तर बहुधा जास्तच. म्हणून फाइल एन्कोड करा, ३२ बिट फ्लोटमध्ये डीकोड करून प्रोजेक्टमध्ये परत आणा आणि मीटर रीसेट करून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. नुसता कोरस तपासून भागत नाही. सर्वात उंच शिखर एखाद्या शांत कडव्यातल्या एकट्या झांजेचंही निघू शकतं. आकडा शून्याच्या वर गेला तर सीलिंग अर्धा डेसिबल उतरवा, पुन्हा एन्कोड करा, पुन्हा मोजा.