कष्टाचं किती, परिस्थितीचं किती: दोन घरांचा हिशेब कसा मांडायचा

‘तो आळशी म्हणून गरीब’ आणि ‘बापाचं आयतं मिळालं म्हणून श्रीमंत’ ही दोन वाक्यं आमच्याकडं पारावर रोज ऐकायला मिळतात. माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागात विकास सोसायट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थांचा, गटसचिव म्हणून झाली. लोकांचे सातबारे, कर्जखाती, थकबाकीच्या याद्या, सगळं हाताखालून गेलं. हा वाद तोंडानं कधीच मिटत नाही, कागदानं बराचसा मिटतो. फूलस्केपचा एक ताव घ्या, एक संध्याकाळ काढा आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.

आधी घरं नीट निवडा. अंबानी आणि ऊसतोड कामगार यांची तुलना करून हाताला फक्त राग लागतो. एकाच गावातली, शक्यतो एकाच भावकीतली दोन घरं घ्यावीत. सख्खे भाऊ मिळाले तर सोन्याहून पिवळं. आईबाप तेच, जात तीच, शाळा तीच, मग फरक कुठून पडला ते शोधायला जागा कमी उरते.

मी एक जोडी घेतो. नावं नकोत, थोरला आणि धाकटा म्हणू. वाटणीत दोघांना तीन-तीन एकर आलं, तेही चिठ्ठ्या टाकून, त्यामुळं तक्रारीला जागा नाही. थोरल्याला ओढ्याकडचा मळा निघाला, धाकट्याला वरचा माळ. आज थोरल्याचं स्लॅबचं घर आणि दारात ट्रॅक्टर. धाकट्याची बायको दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जाते. गाव म्हणतं, थोरला कष्टाळू.

पहिला कागद सातबारा. क्षेत्र बघून कागद खाली ठेवू नका. ४० आर म्हणजे साधारण एक एकर, एवढं कळलं की पुढं सरका: पोटखराबा (पिकाला न येणारी जमीन) किती, जिरायत किती, बागायत किती, आणि आकार, म्हणजे शेतसारा, किती रुपये-पैसे. जुन्या जमाबंदीत मातीचा कस बघून आकार बसवलेला असतो. सारख्याच क्षेत्राला आकार निम्मा दिसला तर जमीन हलकी समजायला हरकत नाही. खालच्या बाराच्या भागात पीक आणि पाण्याचं साधन लिहिलेलं असतं. थोरल्याच्या कागदावर ऊस आणि विहीर. धाकट्याच्या कागदावर बाजरी, मटकी, पड, पुन्हा बाजरी. दोघंही कागदोपत्री तीन एकरवालेच.

त्यानंतर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. जमीन घरात आली कशी ते इथं कळतं: वारसानं, खरेदीनं, की कूळकायद्यानं. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला ज्यांची कुळं म्हणून नोंद होती, ती घरं कायद्यानं मालक ठरली. ज्यांची नोंद लागली नाही, किंवा मालकानं आधीच गोड बोलून कूळहक्क सोडल्याचा राजीनामा लिहून घेतला, त्यांची नातवंडं आज मजुरीला जातात. कसणारे हात दोन्हीकडं सारखेच राबलेले. काही उताऱ्यांवर ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसेल. वतनाची, म्हणजे पूर्वी गावकामाच्या बदल्यात मिळालेली, जमीन असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही आणि तारण ठेवायला गेलं की बँकवाला कपाळाला आठ्या घालतो. ज्या घराला सातबाराच नाही, त्या घराच्या तावावर सगळ्यात वर ‘भूमिहीन’ लिहा. ते शून्य नुसतं सोडून देऊ नका, तेच सगळ्यात मोठं कारण असतं.

आता कर्ज. हा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून जरा थांबतो. सोसायटीचं पीककर्ज माणूस बघून मिळत नाही, पीक बघून मिळतं. कमाल मर्यादा पत्रकात प्रत्येक पिकाला एकरी दर ठरलेला असतो. उसाचा दर बाजरीच्या कितीतरी पट. म्हणजे ज्याच्याकडं पाणी त्याच्याकडं ऊस, ज्याच्याकडं ऊस त्याला कर्ज जास्त, आणि तेही वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्यानं. बाजरीवाल्याला जे मिळतं त्यात लेकीचं लग्न सोडाच, बैलसुद्धा येत नाही. मग तो सावकाराकडं जातो, शेकडा तीन रुपये महिन्यानं. वर्षाला छत्तीस टक्के. एकाच आईच्या पोटच्या दोघांना पैशाचा भाव एवढा वेगळा पडतो आणि त्याचा आळसाशी काडीचा संबंध नसतो.

कर्जमाफीचंही बघून घ्या. २००८ च्या माफीत पाच एकरांपर्यंतच्या थकबाकीदाराला पूर्ण माफी होती. त्याच्या वर जमीन असेल तर बाकीची रक्कम आधी भरा, मग पंचवीस टक्के सूट. सहा एकर खडकाळ माळवाला ‘मोठा शेतकरी’ ठरला आणि चार एकर उसवाला ‘लहान’. ज्यानं पोटाला चिमटा काढून वेळेत फेडलं, त्याला तेव्हा काहीच मिळालं नाही.

कागद झाले की घरी जाऊन बसा. ‘तुम्ही किती कष्ट करता’ असं विचारू नका, सगळे ‘रात्रंदिवस’ असंच सांगतात. कालचा दिवस विचारा. पहिलं कोण उठलं, पाणी कुणी भरलं, कोण कुठं कामाला गेलं, हजेरी किती मिळाली, जनावरांचं कुणी केलं. बायांना वेगळं विचारा, पुरुष बाहेर गेल्यावर. त्यांचं काम ना उताऱ्यावर असतं ना नवऱ्याच्या तोंडात.

थोरल्याकडं विचारलं तर शेतीची वीज रात्रपाळीला असली की तो रात्री दोनला उठून उसाला पाण्याची दारं धरायला जातो. थंडीत, पायात विंचूकाटा. हे खरे कष्ट आहेत, ते कुणी नाकारू नये. धाकट्याकडं विचारलं तर तो पहाटे पाचला शेळ्या सोडून सातला बांधकामावर हजर. तास मोजले तर पारडं जवळपास सारखं. फक्त थोरल्याच्या तासाला पाणी, कर्ज आणि कारखान्याचं बिल यांनी गुणलं जातं, धाकट्याच्या तासाला हजेरीच्या आकड्यानं.

आता तावावर तीन रकाने पाडा आणि मनातल्या मनात चिठ्ठी उलटी काढा. धाकटा मळ्यात, थोरला माळावर. जमिनीबरोबर जे जे जाईल ते पहिल्या रकान्यात: विहीर, ऊस, पीककर्ज. माणसाबरोबर जे जाईल ते दुसऱ्या रकान्यात: रात्री दोनला उठणं, बिलातनं पैसे मागं टाकणं, दारूला न शिवणं. कुठंच नीट बसत नाही ते तिसऱ्यात. या तिसऱ्या रकान्याची लाज वाटू देऊ नका, खरं म्हणजे तोच सगळ्यात भरतो. धाकट्याचा पोरगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात कोइमतूरला गेला, आता महिन्याला पैसे पाठवतो. सोनं गाळताना ॲसिडच्या वाफेत उभं राहायची हिंमत त्याची. पण आमच्या विट्याकडची माणसं पिढ्यान्पिढ्या या धंद्यात देशभर पसरलेली आहेत आणि त्याचा मामा तिथं आधीपासून होता, म्हणून उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं. मामा नसलेल्या पोरानं काय करायचं?

दारूबद्दल एक सूचना. काही घरं स्वतःच्या हातानं बुडवलेली असतात, मी बघितली आहेत, आणि तिथं परिस्थितीचं पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण आधी काय झालं ते साल लावून विचारा. डाळिंबावर तेल्या रोग पडून बाग काढावी लागली आणि मग बाटली आली, की बाटली आधी होती? क्रम बदलला की रकाना बदलतो.

ज्यांना हे सगळं किचकट वाटतं त्यांनी फक्त टेंभू उपसा योजनेचं पाणी बघावं. कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचललेलं पाणी आमच्या माळांवर आलं. ज्या गावांना लोक ‘तिथली माणसं कामालाच नकोत’ म्हणायचे, तिथं आता डाळिंब आणि द्राक्षं उभी आहेत. माणसं तीच, त्याच घरातली.

हिशेबाचा उपयोग मदत करताना होतो. पहिला रकाना जड असेल तर उपदेश करू नका, जे अडलंय ते मोकळं करा: पाइपलाइनचा खर्च, वारस नोंद, पोराच्या वसतिगृहाचे पैसे. दुसरा हलका निघाला तर पैसे रोख हातात न देता थेट दुकानात किंवा शाळेत भरा. आणि ताव दोन्ही भावांना एकाच दिवशी दाखवू नका, सोसायटीच्या निवडणुकीच्या महिन्यात तर अजिबात नको.