प्रॉक्समार्क-3 वर नवं फर्मवेअर चढवताना बोर्ड डेड होऊ नये म्हणून

कुडाळला माझं काम कार्डाच्या कुलपांचं. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातल्या लॉज आणि होमस्टेवाल्यांनी गेल्या काही वर्षांत दारांना कार्डं लावली. ती कार्डं किती भरवशाची आहेत हे मालकाला समोर दाखवायचं, तर माझ्याकडे एकच चांगलं साधन आहे: प्रॉक्समार्क-3. जोनाथन वेस्टह्यूज यांच्या मूळ आराखड्यावरून आलेलं हे आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या कार्डांच्या संशोधनाचं उपकरण. 125 आणि 134 किलोहर्ट्झची कार्डं वाचतं, 13.56 मेगाहर्ट्झचीही वाचतं. पण विकत आलेल्या बोर्डात बहुतेक वेळा फार जुनं फर्मवेअर (बोर्डाच्या आत बसलेलं सॉफ्टवेअर) असतं, आणि खरी ताकद आहे ती आरआरजी म्हणजे आइसमन शाखेच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये. ते सतत बदलतं, प्रायोगिक आहे, आणि चढवताना चूक झाली तर बोर्ड मरतो. माझा एक मेला. म्हणून हे लिहितोय.

हे सगळं लिनक्सवरचं आहे, उबुंटू किंवा डेबियन धरून चाला. आज्ञा इथे उच्चाराने लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमनमध्ये. नेमकी अक्षरं प्रकल्पाच्या ‘डॉक’ फोल्डरमधूनच उचला. व्हिडिओच्या खाली कुणीतरी चिकटवलेल्या आज्ञा उचलू नका, त्या दोन-तीन वर्षं शिळ्या असतात आणि या प्रकल्पात तेवढ्या काळात आज्ञांची नावंसुद्धा बदलतात.

सामान आणि सोर्स

लागणारी पॅकेजेस टाका: गिट, बिल्ड-इसेन्शियल, रीडलाइन, क्यूटी आणि मुख्य म्हणजे आर्मचा (एआरएम) क्रॉस-कंपायलर, जो लॅपटॉपवर बसून बोर्डाच्या चिपसाठी फर्मवेअर तयार करतो. मग गिट क्लोन, म्हणजे प्रकल्पाचा सगळा सोर्स उतरवून घ्या. कामासाठी वापरणार असाल तर मुख्य शाखेचं आजचं टोक न घेता शेवटचं टॅग केलेलं रिलीज घ्या. प्रयोग करायचे असतील तर टोक घ्या, पण गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून नव्हे.

त्यानंतर ‘मेक अ‍ॅक्सेसराइट्स’ चालवा. याने तुमचं नाव डायलआउट गटात जातं, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची परवानगी मिळते. लॉगआउट करून पुन्हा आत या. लोक हे विसरतात, मग सगळं सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालवत बसतात, आणि फोल्डरमधल्या अर्ध्या फायली रूटच्या मालकीच्या होऊन पुढचं कंपाइल अडकतं.

बोर्ड कोणता ते आधी ठरवा

प्लॅटफॉर्मची नमुना फाइल कॉपी करून तिच्या नावातलं ‘सॅम्पल’ काढा आणि उघडा. काहीच न बदलता कंपाइल केलं तर ते आरडीव्ही-4 या महागड्या बोर्डासाठी होतं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो तो स्वस्तातला ‘ईझी’ नावाचा बोर्ड. त्याच्यासाठी ‘पीएम-3 जेनेरिक’ ही ओळ हवी. आरडीव्ही-4 चं फर्मवेअर ईझीवर चढवलं, तर बोर्डावर नसलेली फ्लॅश मेमरी आणि स्मार्टकार्डचा भाग शोधणारं फर्मवेअर तुमच्या गळ्यात पडतं. मग लोक म्हणतात बोर्ड खराब आला.

चिप 256 केबीची की 512 केबीची हेही बघा. विक्रेत्याने पानावर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही. बोर्ड उघडून चिपवरचा छापील क्रमांक भिंगातून वाचा: एटी-91-सॅम-7-एस च्या पुढे 256 आहे की 512. 256 असेल तर त्याच फाइलमधल्या ‘स्किप’ने सुरू होणाऱ्या ओळी चालू करून नको ती फीचर्स वगळावी लागतात, कारण सगळं मिळून त्यात मावत नाही.

मग ‘मेक क्लीन’ आणि ‘मेक’, म्हणजे कंपाइल. चहा टाका, होऊन जातं.

फ्लॅश करणं, म्हणजे फर्मवेअर चढवणं: इथेच बोर्ड मरतात

आता घाई सोडा. या टप्प्याबद्दल मला दोन पानी सल्ले नको वाटतात ज्यात फक्त एक आज्ञा दिलेली असते आणि ‘चालवा’ म्हटलेलं असतं.

आधी समजून घ्या काय घडतं ते. बोर्डाच्या मेमरीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक बूटरॉम, म्हणजे बूटलोडर. हा छोटासा तुकडा जिवंत असेपर्यंत बाकी काहीही बिघडलं तरी युएसबीवरून पुन्हा चढवता येतं. दुसरी फुलइमेज, म्हणजे काम करणारं फर्मवेअर. फुलइमेज अर्धवट लिहिली गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा लिहा. बूटरॉम अर्धवट लिहिला गेला, तर युएसबीचं दार बंद.

माझी चूक अशी झाली. पावसाळ्याचे दिवस, घरचं ब्रॉडबँड दोन दिवस गेलेलं, म्हणून नेट डोंगलवर घेतलं होतं. लिनक्समध्ये डोंगल चालवायला सहसा मोडेममॅनेजर नावाची सेवा लागते, ती अर्थातच चालू होती. ही सेवा नवीन सिरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का ते बघायला त्याच्यावर स्वतःच्या आज्ञा सोडते. प्रॉक्समार्क लिनक्सला अगदी तसाच दिसतो, ‘टीटीवाय-एसीएम-झिरो’ म्हणून. मी बूटरॉम चढवायला घेतला. बोर्ड बूटलोडरमध्ये जाताना एकदा तुटून पुन्हा जोडला जातो, तसा जोडला गेला, आणि त्याच क्षणी मोडेममॅनेजर त्याच्याशी बोलायला आला. लिहिणं मधेच थांबलं. केबल काढून घातली, एकही एलईडी लागला नाही. ‘डीमेसेज’ (लिनक्सची उपकरणांबद्दलची नोंदवही) उघडून बघितलं, त्यात नवीन एक ओळ नाही. बटण दाबून धरून घातली, तरी नाही. कौलांवर पाऊस एवढा आपटत होता की बोर्डाचं बटण क्लिक करतंय की नाही ते बोटाने चाचपून बघावं लागलं. बटण ठीक होतं. बूटलोडरच गेला होता.

म्हणून माझा नियम ठाम आहे: फ्लॅशआधी मोडेममॅनेजर बंद. तुमचं नेट डोंगलवर असेल तर क्रम असा ठेवा. क्लोन आणि पॅकेजेस सगळं आधी उतरवून घ्या, कंपाइल करा, मग डोंगल काढा, मग ‘सिस्टिमसीटीएल’ने मोडेममॅनेजर थांबवा आणि त्याची स्थिती एकदा विचारून ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द डोळ्यांनी वाचा. मगच बोर्ड जोडा. काम झालं की सेवा परत चालू करा. डोंगल वापरतच नसाल तर पॅकेज काढूनच टाका. ‘यूडेव्हचा (लिनक्सला जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम टाकला की पुरे’ असं सांगणारे भेटतील. तो नियम प्रकल्पात आहे आणि टाकावाच, पण मोडेममॅनेजर तो मानेल की नाही हे त्याच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून असतं. बूटरॉमच्या वेळी एवढ्यावर भिस्त ठेवू नका.

बाकीच्या अटीही तितक्याच पक्क्या आहेत. लॅपटॉप चार्ज असू दे. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉपवर हे करू नका. हब नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टात. केबल डेटाची असू दे, मोबाइलच्या जुन्या चार्जरची नको, आणि तिच्या टोकाच्या पिना बघा. खाऱ्या हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, दोन मिनिटांचं काम. व्हर्च्युअल मशीनमधून तर अजिबात नाही. बोर्ड तुटून पुन्हा जोडला जातो तेव्हा तो मूळ सिस्टिमकडे जातो आणि फ्लॅश अर्ध्यात लटकतो.

आता कृती. बोर्ड जुना असेल, पहिल्यांदाच आइसमन चढवत असाल, तर बोर्डाचं बटण दाबून धरा, दाबलेलं असतानाच केबल घाला. दोन एलईडी स्थिर लागतील. जुन्या बूटलोडरवर बटण फ्लॅश संपेपर्यंत सोडायचं नाही. अंगठा दुखला तरी सोडायचं नाही. मी आता टेबलावर बोर्ड ठेवून वर पेन्सिलीच्या रबराने दाबून धरतो, हात स्थिर राहतो. पहिल्यांदा फक्त ‘पीएम-3 फ्लॅश बूटरॉम’. ते पूर्ण झाल्याचं पडद्यावर वाचलं की केबल काढा, परत घाला, आणि ‘पीएम-3 फ्लॅश फुलइमेज’. दोन्ही एकदम करणारी ‘फ्लॅश ऑल’ आज्ञाही आहे, पण जुन्या बोर्डावर पहिल्या वेळी वेगवेगळं करा, म्हणजे कुठे अडलं ते कळतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा: एकदा नवा बूटरॉम बसला की पुढच्या प्रत्येक अपडेटला त्याला हात लावू नका. प्रकल्पाच्या नोंदींमध्ये बूटरॉम बदलायला सांगितलं असेल तरच. एरवी फक्त फुलइमेज.

बोर्ड मेलाच तर इलाज आहे. बोर्डावर जेटॅगची (चिपशी थेट बोलायच्या जोडणीची) भोकं असतात, त्यात पिना सोल्डर करून ओपनओसीडी या प्रोग्रामने बूटरॉम थेट लिहिता येतो. प्रकल्पात त्यासाठी तयार स्क्रिप्ट आहेत. जोडायला जेलिंक हे साधन चालतं, रास्पबेरी पायच्या पिनांवरूनही होतं. स्वस्तातला एसटी-लिंक घेऊ नका, ही चिप एआरएम-7 आहे आणि त्याला तिच्याशी बोलता येत नाही. मी घेतला होता, आणि योग्य साधन कुरिअरने येईपर्यंत चार दिवस गेले. व्होल्टेज 3.3, याहून जास्त देऊ नका.

चालतंय का ते बघणं

‘पीएम-3’ चालवा, आत ‘एचडब्ल्यू व्हर्जन’ मारा. क्लायंट (लॅपटॉपवरचा प्रोग्राम) आणि बोर्ड दोन्हींची आवृत्ती एकच हवी. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, विचित्र चुका येतील आणि तुम्ही कार्डाला दोष देत बसाल.

मग ‘एचडब्ल्यू ट्यून’, ही आज्ञा अँटेनाचं व्होल्टेज मोजते. जवळ एकही कार्ड नको आणि टेबल लाकडी हवं. गोदरेजच्या लोखंडी टेबलावर ठेवून व्होल्टेज कमी आलं म्हणून बोर्ड परत पाठवणारा माणूस मला माहीत आहे. धातूजवळ अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं.

आता स्वतःचं एखादं कार्ड. 125-134 किलोहर्ट्झचं असेल तर ‘एलएफ सर्च’, 13.56 मेगाहर्ट्झचं असेल तर ‘एचएफ सर्च’. कार्डावर आकडा छापलेला असेल तर तो आणि पडद्यावरचा ताडून बघा.

फक्त स्वतःची कार्डं, किंवा मालकाची लेखी परवानगी असलेली. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधली 43 आणि 66 ही कलमं तुमच्या उत्सुकतेचा विचार करत नाहीत. मी प्रत्येक लॉजवर काम सुरू करण्यापूर्वी सहीचा कागद घेतो, ओळखीच्या माणसाकडूनही.

देवबागच्या एका होमस्टेत मालकांनी मला दाराचं पांढरं जाड कार्ड दिलं. ते 125 किलोहर्ट्झचं ईएम-4100 निघालं. हे कार्ड कोणी जवळ आलं की आपला 40 बिटांचा क्रमांक नुसता बोलून दाखवतं. किल्ली नाही, प्रश्नोत्तर नाही. तो क्रमांक त्यांच्यासमोर एका कोऱ्या टी-5577 कार्डावर लिहिला आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतः जाऊन दार उघडलं. थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, “म्हणजे कोणय इलो नि माझ्या खोलयेचा दार उघडल्यान, असा?” मी हो म्हटलं. या एका क्षणासाठी हे सॉफ्टवेअर मला इतकं मोलाचं वाटतं. कागदावर लिहून दिलेला अहवाल त्यांनी वाचलाही नसता.

13.56 वाल्यांमध्ये बहुतेक मायफेअर क्लासिक 1के निघतात: 16 सेक्टर, प्रत्येकाला 48 बिटांच्या दोन किल्ल्या. त्यातलं क्रिप्टो-1 हे गुप्तलेखन 2007-08 मध्येच संशोधकांनी उघडं पाडलं, तरी ही कार्डं अजून बसवली जातात, आणि पुष्कळदा किल्ली कारखान्यातलीच, सगळी एफ. तिथे किल्ल्या आपोआप शोधणारी ‘एचएफ एमएफ ऑटोपॉन’ ही आज्ञा चालवून मालकाला दाखवलं की डेसफायर या जास्त सुरक्षित कार्डांचा खर्च त्यांना पटतो.

काम झालं की बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तांदूळ नको, त्याची भुकटी पोर्टात जाते. जून ते सप्टेंबर पुड्या दर महिन्याला बदला.