ट्रान्सफर होऊन आलात आणि सोरोरिटीत जायचंय?

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतली मुलींची सभासद-संघटना. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात आलेल्या मुलीच्या हातात साधारण चारच सेमिस्टर उरतात. सगळे निर्णय हे धरूनच घ्यायचे.

फॉर्मल रिक्रूटमेंट, म्हणजे रश, ही ठरावीक काळातली भरती मुख्यतः पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी आखलेली असते. बऱ्याच कॅम्पसवर ती ऑगस्टमध्येच उरकते. प्रत्येक सोरोरिटीच्या घरात तेच प्रश्न: मेजर काय, डॉर्म (होस्टेल) कुठली? मी बसने यायचे, त्यामुळे डॉर्मपाशी गप्पा अडायच्या. समोरची हसून म्हणायची, ‘ओह, नाइस!’ आणि विषय संपायचा.

माझ्या मते ट्रान्सफर मुलींनी सीओबी, म्हणजे कंटिन्युअस ओपन बिडिंग बघावं. ज्या चॅप्टरमध्ये, म्हणजे सोरोरिटीच्या कॅम्पसवरच्या शाखेत, जागा शिल्लक असतात, तो फॉर्मलनंतरही मुली घेऊ शकतो. फारसा गाजावाजा होत नाही; सोरोरिटींचं काम बघणाऱ्या विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ ऑफिसला मेल टाकून विचारावं लागतं. कॉफीवर दोघीतिघींशी निवांत बोलणं होतं, जमलं तर बिड, म्हणजे सामील होण्याचं आमंत्रण, येते. फॉर्मलमध्ये मात्र शेवटच्या करारावर सही करून आलेली बिड नाकारलीत, तर त्या कॅम्पसवर पुढच्या फॉर्मलपर्यंत नॅशनल पॅनहेलेनिक या सोरोरिटींच्या राष्ट्रीय महासंघाच्या दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. आपल्याला ते फार महागात पडतं. जीपीएचंही आधी विचारा: कुठे जुन्या कॉलेजचा चालतो, कुठे याच कॅम्पसवरचे क्रेडिट लागतात.

दक्षिण आशियाई सोरोरिटींचा मार्ग वेगळा. ऑस्टिनची कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्समधली सिग्मा सिग्मा ऱ्हो, तिन्ही 1998 च्या. चॅप्टर लहान असतात, त्यामुळे पद लवकर मिळतं. कामही तितकंच गळ्यात पडतं.

कॅम्पसवर यातली एकही नसेल तर नवी सुरू करता येते: इच्छुक मुली जमवा, राष्ट्रीय संस्थेला लिहा, विद्यापीठाची मान्यता घ्या. पूर्ण चॅप्टर होईपर्यंत तुमचं ग्रॅज्युएशन उरकलेलं असण्याची शक्यता दाट. धाकट्या वर्गातल्या दोघीतिघी सोबत असतील तरच यात पडा.

आईने फोनवर विचारलं होतं, ‘म्हणजे पैसे भरून मैत्रिणी?’ प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ड्यूज (वर्गणी) दर सेमिस्टरला, पहिल्यांदा इनिशिएशन (सभासद करून घेण्याचा विधी) आणि बॅज वेगळा, वर टी-शर्ट. हा सगळा आकडा बिड स्वीकारण्याआधी लेखी मागा. आणि कॉलेजच्या साइटवर हेझिंगचा, म्हणजे नव्या सभासदांच्या रॅगिंगचा, अहवाल उघडून बघा. डिसेंबर 2024 च्या फेडरल कायद्याने तो जाहीर करावा लागतो. ज्या चॅप्टरकडे तुम्ही निघालात त्याचं नाव त्यात शोधा.