भुलेश्वरला जाताना टॉर्च घ्या

आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडाच बघायचा असतो. मी त्यांना गाडीत घालून भुलेश्वरच्या शंकराच्या देवळात नेते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर यवत, तिथून उजवीकडे वळून डोंगरावर. खालचं गाव माळशिरस, पण पुरंदर तालुक्यातलं. मोबाइलवर नुसतं ‘माळशिरस’ टाकलंत तर पोचाल सोलापूर जिल्ह्यात! श्रावणात, त्यातही सोमवारी, शिल्पं बघायला म्हणून जाऊच नका. गर्दीत भिंतीपाशी उभंसुद्धा राहता येत नाही.

लांबून देऊळ वाटतच नाही, गढी वाटते. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, त्याच्या पोटात हे यादवकाळातलं देऊळ. वरचं चुन्याचं शिखर नंतरचं, त्याच्यात फार गुंतू नका. दारातून अंधाऱ्या जिन्याने वर आलात की समोर नंदी. दर्शन उरकून घ्या, म्हणजे मग घाई राहत नाही.

खरी मजा प्रदक्षिणामार्गावर. तो बंदिस्त आहे, त्यामुळे भर दुपारीही अंधारच. इथे टॉर्च लागतो, पण तो मूर्तीच्या तोंडावर मारायचा नाही. तसं केलं की काळा दगड सपाट दिसतो, फ्लॅशच्या फोटोतही तेच होतं. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा आणि उजेड आडवा जाऊ द्या. आत्तापर्यंत बाईच्या मूर्तीची नुसती कंबर दिसत होती, तिच्यावर मेखला, म्हणजे कमरपट्टा, उमटते, मेखलेच्या लोंबत्या सरी वेगळ्या होतात, मांडीवर त्यांची सावली पडते. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला न्या, तीच बाई वेगळी दिसेल.

बहुतेक मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. ‘अरेरे’ म्हणून लोक पुढे सरकतात, तसं करू नका. हात कुठे वळलाय, पायाशी कोण आहे, ते बघा. गणेशाची स्त्रीरूपातली मूर्ती तर शोधाच. वैनायकी म्हणतात तिला. मांडी घालून बसलेली, सोंड आहे, खाली उंदीरही आहे. मुलांना शोधायला लावा, मोठ्यांच्या आधी त्यांना सापडते. मंडपातल्या पट्टांवर शरपंजरी भीष्म आणि मत्स्यभेद आहेत. आकाराने लहान आहेत, गुडघे टेकावे लागतात.

शंकराची प्रदक्षिणा अर्धी, सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जाण्याची वाट, ओलांडायचं नाही. म्हणजे आल्या वाटेनेच मागे फिरायचं. मला हा नियम फार सोयीचा वाटतो, सगळी भिंत उलट्या बाजूने पुन्हा बघायला मिळते.

कोरलेली अक्षरं नीट दिसावीत म्हणून दगडावर खडू किंवा पाणी चोळणारे महाभाग भेटतात. त्यांना खुशाल हटका. पायात मोजे असू द्या, उन्हात बाहेरची फरशी चटके देते. आणि उतरताना यवतच्या बाजूला एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर काकवी घ्यायला डबा जवळ ठेवा.