1950 च्या दशकातील बेसबॉल खेळाडूंचे विस्मृतीत गेलेले व्यवहार कसे शोधावेत

अमेरिकन बेसबॉलमधील नामवंत खेळाडूंचे व्यवहार, म्हणजे एका संघाकडून दुसऱ्याकडे झालेली त्यांची विक्री किंवा अदलाबदल, कोणत्याही संदर्भसाधनात सहज सापडतात. पण त्यांच्या मोबदल्यात ज्यांना दुसऱ्या संघाकडे जावे लागले, त्यांचा माग काढणे फार कष्टाचे असते. डिक लिटलफील्ड या डावखुऱ्या पिचरचे (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे) 1956 हे वर्ष पाहावे. 17 मे रोजी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आणि बॉबी डेल ग्रेकोला सेंट लुईस कार्डिनल्सकडे देऊन बिल व्हर्डनला घेतले. महिनाभरातच, 14 जूनला, रेड शेंडीन्स्टचा समावेश असलेल्या मोठ्या अदलाबदलीत तो न्यू यॉर्क जायंट्सकडे गेला. 13 डिसेंबरला जायंट्सने तो आणि काही रोख रक्कम देऊन ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सनला घेण्याचे ठरवले; मात्र रॉबिन्सनने निवृत्ती जाहीर केल्यामुळे तो व्यवहार रद्द झाला. अशा खेळाडूची संपूर्ण साखळी जुळवायची असेल, तर शोधाला शिस्त हवी.

सुरुवात रेट्रोशीटपासून करावी. 1989 मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी सुरू केलेल्या या संस्थेने व्यवहारांची यादी सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे, आणि बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावरील खेळाडूंच्या पानांवर दिसणारे व्यवहारही मुख्यतः तिच्यावरच आधारलेले आहेत. म्हणून ही दोन ठिकाणे एकमेकांशी जुळली, तरी तो दोन स्वतंत्र साक्षीदारांचा पुरावा मानू नये. या यादीचा उपयोग कच्चा आराखडा म्हणून करावा: तारीख, देणारा संघ, घेणारा संघ आणि व्यवहाराचा प्रकार एवढे उतरवून घ्यावे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. त्या वर्षी कोणते नियम लागू होते, हे आधी समजून घ्यावे. त्या काळात ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत 15 जूनला संपत असे. लिटलफील्ड 14 जूनलाच का हलवला गेला, याचा उलगडा त्यातून होतो. त्या मुदतीनंतर खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा असेल, तर इतर संघांनी त्याच्यावरील हक्क सोडावा लागे, आणि यालाच वेव्हर म्हणत. नॅशनल आणि अमेरिकन या दोन मुख्य लीगपैकी एकीतून दुसरीत खेळाडू पाठवण्यासाठीही स्वतःच्या लीगमधील सर्व संघांनी असा नकार देणे आवश्यक होते. वेव्हरशिवाय दोन लीगमध्ये ट्रेड करण्याची खास मुदत 1959 च्या नोव्हेंबरात प्रथमच मिळाली. त्यामुळे 1951 च्या ऑगस्टअखेर बॉस्टन ब्रेव्ह्सने जॉनी सेनला अमेरिकन लीगमधील यँकीजकडे देऊन ल्यू बर्डेट आणि 50,000 डॉलर घेतले, असे वाचल्यावर लगेच लक्षात यावे की नॅशनल लीगमधील बाकीच्या सातही संघांनी सेनवरचा हक्क आधी सोडला होता. यादीतील एका ओळीमागे असा एक न छापलेला व्यवहार दडलेला असतो.

यानंतर कराराच्या कार्डांकडे वळावे. सेंट लुईसच्या ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाच्या कार्यालयात खेळाडूगणिक एक कार्ड ठेवले जाई आणि त्यावर तारीख, संघ व कृती संक्षेपात नोंदवली जाई. लॉस एंजेलिसच्या एलए84 फाउंडेशनने ही कार्डे आपल्या डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध केली असल्याने ती पुण्यात किंवा न्यू जर्सीत घरबसल्या पाहता येतात. मायनर लीगमधील, म्हणजे मुख्य लीगखालच्या स्तरावरील, विक्री, तात्पुरती पाठवणी आणि मुक्तता यांचा मोठा भाग तेथे हाती लागतो. येथे एक काळजी घ्यावी: कागदोपत्री करार बहुधा मायनर लीगच्या संघाच्या नावावर असे. रोबर्तो क्लेमेंते डॉजर्सचा असला, तरी नोव्हेंबर 1954 च्या ड्राफ्टमध्ये (दुसऱ्यांच्या मायनर लीग संघांतून खेळाडू निवडून घेण्याच्या प्रक्रियेत) पायरेट्सने त्याला 4,000 डॉलरला घेतले ते माँट्रियल या डॉजर्सच्या मायनर लीग संघाच्या यादीतून.

अखेरचा पुरावा समकालीन वृत्तपत्रांतून मिळवावा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात वॉशिंग्टनच्या ‘इव्हिनिंग स्टार’चे त्या दशकातील अंक विनामूल्य वाचता येतात. केवळ नाव टाकून शोधण्यावर विसंबू नये, कारण किरकोळ व्यवहार क्रीडापानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापले जात आणि संगणकाला ती अक्षरे नीट वाचता येत नाहीत. अपेक्षित तारखेच्या आसपासची पाने स्वतः उघडून पाहावीत. सकाळच्या पत्रात बातमी सहसा दुसऱ्या दिवशी येते, तर सायंपत्रात ती त्याच दिवशी सापडू शकते. संघांची नावेही त्या काळचीच वापरावीत: 1953 पासून ब्रेव्ह्स मिलवॉकीचे झाले, 1954 मध्ये सेंट लुईस ब्राउन्सचे बाल्टिमोर ओरिओल्स झाले, आणि सिनसिनाटीचा संघ काही वर्षे रेडलेग्ज या नावाने ओळखला जाई.

साधनांमध्ये तफावत आढळेल, तेव्हा घाईने एकच आकडा निवडू नये. रॉबिन्सनच्या रद्द झालेल्या व्यवहारातील रोख रक्कम कोठे 30,000 तर कोठे 35,000 डॉलर दिलेली आहे. दोन्ही आकडे त्यांच्या उगमासह लिहून ठेवावेत. तारखांचेही तसेच आहे. यँकीज आणि ओरिओल्स यांच्यातील 17 खेळाडूंची प्रचंड अदलाबदल 1954 च्या नोव्हेंबरात जाहीर झाली आणि 1 डिसेंबरला पूर्ण झाली, म्हणून घोषणेची तारीख आणि पूर्ततेची तारीख असे दोन वेगळे रकाने आखावेत. ‘नंतर नाव कळवण्यात येणारा खेळाडू’ असा उल्लेख असेल, तर पूर्ततेचा रकाना रिकामा ठेवून पुढील महिन्यांचे अंक चाळावेत. 1962 च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलँडने हॅरी चिटीला याच अटीवर न्यू यॉर्क मेट्सकडे दिले आणि 15 जूनला मेट्सने मोबदला म्हणून खुद्द चिटीलाच परत पाठवले. ही दुसरी नोंद सापडेपर्यंत पहिलीचा अर्थच लागत नाही.