आजीचा कोल्हापुरी साज हातात आलाय? पॉलिशला द्यायच्या आधी हे करा

माझ्याकडे आलेला साज आजीला तिच्या सासूनं घातला होता, मग आई आणि आता मी, म्हणजे चौथा गळा. आल्या आल्या मी पहिली गोष्ट काय केली तर जवळच्या एका दुकानात नेऊन "जरा चमकवून द्या" म्हटलं, आणि त्यांनी तो सरळ पाण्याच्या मशीनमध्ये टाकला. घरी आल्यावर दोन पानं (साजात ओवलेले नक्षीचे तुकडे) कानाशी धरून हलवली तर आत खुळखुळ वाजायला लागली. खूप वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

साज भरीव नसतो हे आधी डोक्यात पक्कं करा. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पान घडवतात आणि पोकळ भागात लाख भरतात, म्हणून तर एवढा भरदार दिसूनही गळ्याला जड होत नाही. लाख उष्णतेनं मऊ होते, पाणी उकळायच्या कितीतरी आधी. म्हणून गरम पाणी नाही, मशीन नाही, रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजवणं पण नाही (रिठा भरीव बांगड्यांना छान, साजाला नको). मऊ सुती कापड किंचित ओलं करून एकेक पान पुसायचं, मग कोरडं कापड, मग पंख्याखाली तासभर. मळ फारच बसला असेल तर लहान मुलांचा मऊ ब्रश कोरडाच फिरवा. बास.

आता मोजणी. पारंपरिक साजात २१ पानं असतात, दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूचं एकेक आणि एक तावीज, मध्ये जवमणी (जवाच्या आकाराचे छोटे मणी). हल्ली १०-१२ पानांचेही साज मिळतात त्यामुळे कमी दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पण लिहून ठेवा. पांढऱ्या कापडावर साज पसरा, डावीकडून क्रमानं प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो काढा आणि नाव लिहा, मासा, कासव, शंख, चंद्र जे असेल ते. नाव नाही कळलं तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन करा, उद्या नको, आजच. माझ्या मावशीनं फोटो बघून सांगितलं की एक पान मुळातलं नाहीच, कधीतरी हरवलं आणि आजोबांनी कोल्हापुरात गुजरीतून, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातून, दुसरं करून आणलं. हे ना आईला माहीत होतं ना मला.

वजन करताना दोन ठिकाणी गोंधळ होतो. एक, जुन्या वहीत "तीन तोळे" लिहिलेलं असेल तर तो जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास ३५ ग्रॅम, आजच्या बोलण्यातला १० ग्रॅमचा नव्हे. आणि दुसरं म्हणजे काट्यावर लाखेचंही वजन येतं, त्यामुळे निव्वळ सोनं किती ते नुसत्या वजनावरून कळत नाही. कॅरेट दाखवणारं मशीनसुद्धा फक्त वरचा थर वाचतं. हॉलमार्क नाही म्हणून कोणी घाबरवलं तर ऐकू नका, दागिने विकणाऱ्यांना तो सक्तीचा झाला जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं, घरातला जुना दागिना त्यानं बेकायदा होत नाही.

दोरा किंवा तार झिजली असेल तर गाठवून घ्या, घालायचं ठरलं की आधी हेच, कारण लग्नात नाचताना तुटलं तर जवमणी हॉलभर शोधत बसावं लागतं. पण द्यायच्या आधी वजनाची आणि पानांच्या संख्येची लेखी पावती घ्या, फोटो त्यांच्यासमोर दाखवा आणि शक्य असेल तर तिथेच बसा. डाग द्यायचा असेल, म्हणजे तापवून जोडायचं असेल, तर स्पष्ट विचारा, "आधी लाख काढणार ना?" आग लावायच्या आधी ती काढावी लागते आणि नंतर परत भरावी लागते. हा प्रश्न ऐकून जो गोंधळतो त्याच्याकडे देऊच नका, थोडं लांब जावं लागलं तरी साजाचं काम रोज करणारा कारागीर शोधा. माझी खुळखुळणारी पानं अशाच एका वयस्कर कारागिरानं पुन्हा भरून दिली, दोन तासांचं काम, मी समोर स्टुलावर बसून होते.

मोडीत द्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट सांगते, देऊ नका. लाख वजा होते, घट वजा होते, जुनी घडणावळ शून्य धरतात, नवीन दागिन्याची वेगळी लावतात. अगदीच पैशांची अडचण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दागिन्यानं उपयोगी पडावं म्हणूनच तो केलेला असतो. पण "जुनाट दिसतो" म्हणून नको. आणि बहिणीबहिणींत वाटणी करायची म्हणून पानं तर मुळीच वेगळी करू नका, आळीपाळीनं घाला. आम्ही तसंच करतो, वर्ष माझं, वर्ष बहिणीचं.

ठेवताना मलमलच्या कापडात, आडवा, वेगळ्या डब्यात, वर बांगड्या टाकायच्या नाहीत, पत्रा लगेच चेपतो. अत्तर, स्प्रे सगळं आधी लावून घ्या, साज सगळ्यात शेवटी. डब्यात एक छोटी वही ठेवा, कोणाकडून कोणाकडे कधी गेला, कधी गाठवला, कुठलं पान बदललं. आमच्या वहीत पहिल्या पानावर पणजीचं नाव आहे, पुढे गुजरीतून आणलेल्या त्या पानाची नोंद, आणि या वर्षी बहिणीची सही.